माळवदावरची माती : एका जुन्या घराच्या दुरुस्तीचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ही म्हण केली त्याने जुने घर विकत घेऊन ते दुरुस्त करून पाहिले नसावे. नाहीतर त्याने म्हणीत आणखी दोन शब्द घातले असते. नवे घर बांधताना निदान आपल्या चुका आपल्याला ठाऊक असतात. जुन्या घरातल्या चुका दुसऱ्याच्या असतात, आणि त्या गिलाव्यामागे, रंगामागे, फरशीखाली दडवून ठेवलेल्या असतात.

वार्षिकांकासाठी 'स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर लिहा' असे आमच्या भूगोलाच्या सरांनी वर्गात सांगितले. मी पाहिलेली गोष्ट म्हणजे आमचे घर. आमच्या कुटुंबात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबा आडत बाजारात हमाली करतात, आई रोजाने शेतात जाते, आणि आजीला अक्षरओळख नाही. तेव्हा या लेखात पुस्तकांपेक्षा पहार, घमेले आणि ओळंबा यांचा उल्लेख जास्त आला तर प्राध्यापकांनी आणि मित्रमैत्रिणींनी समजून घ्यावे.

घराची ओळख

आमचे गाव धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यात आहे. इतकी वर्षे आम्ही भाड्याच्या खोलीत राहिलो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आबांनी गावठाणातले एक जुने घर विकत घेतले. मूळ मालकांची मुले पुण्याला स्थायिक झाली होती आणि घर तीन-चार वर्षे बंद होते. पुढे पत्र्याची पडवी, मागे पत्र्याचेच स्वयंपाकघर, आणि मध्ये बारा फूट लांब व दहा फूट रुंद असे माळवदाचे माजघर.

शहरातल्या मित्रांसाठी माळवद म्हणजे काय ते सांगते. आमच्या भागात पाऊस बेताचा आणि ऊन भरपूर. म्हणून पूर्वीच्या लोकांनी मातीचे सपाट छप्पर शोधून काढले. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या फळ्या किंवा चिपा, त्यांवर लिंबाचा पाला आणि सर्वांत वर ठोकून घट्ट केलेली पांढरी माती. भिंती दोन फूट जाडीच्या, दगडांच्या, मातीत रचलेल्या. वैशाखात बाहेर जीव नकोसा होतो तेव्हाही अशा घरात गारवा असतो.

आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा माजघराला नुकताच आकाशी रंग दिलेला होता. भिंतींवर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा होता आणि खाली शहाबादी फरशी होती. आई हरखून गेली. आज मला वाटते, त्या दिवशी आम्ही रंग पाहिला, घर पाहिलेच नाही.

पाहिले ते फक्त आजीने. ती उंबऱ्यापर्यंत आली, मान वर करून तिने कडीपाटाकडे पाहिले आणि मागे फिरली. ''आधी वर किती माती हाय ती सांगा, मग आत येते,'' एवढेच ती म्हणाली. त्या दिवसापासून तिने आपली वाकळ पडवीत टाकली. उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापे, पावसाळ्यात त्याखाली बोललेले ऐकू येत नसे. पण आजी आत आली नाही.

आजीचे माहेर किल्लारीच्या जवळचे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो भूकंप झाला, त्याच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोहोचवून लोक उशिरा झोपले होते. त्या पहाटे आजीचा थोरला भाऊ आणि भावजय माळवदाखाली गेली. आजी सासरी होती म्हणून वाचली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे दगावली. भूकंपानंतर कित्येक कुटुंबे घर उभे असूनही वर्षानुवर्षे दारापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होती. आमची आजी त्यांच्यापैकीच एक.

माळवदावर किती माती आहे, या तिच्या प्रश्नाचे उत्तर घरात कुणालाच देता येत नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

पहिला प्रश्न : पाणी कुठून जाते?

जुन्या घराची दुरुस्ती करायची तर दोन प्रश्न विचारावेत, असे मी या कामातून शिकले. पाणी कुठून जाते, हा पहिला. ओझे कुणावर आहे, हा दुसरा. बाकी सगळे या दोन प्रश्नांच्या पोटात येते.

पहिल्याच पावसाळ्यात माजघर गळू लागले. पश्चिमेच्या भिंतीवरचा आकाशी रंग फुगला, त्याचे पापुद्रे सुटले आणि खालून पांढरी बुरशीसारखी भुकटी निघाली. आमच्याकडे याला भिंतीला 'लोणा लागणे' म्हणतात. ओल्या भिंतीतले पाणी बाहेर येऊन सुकते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात, तोच हा लोणा. त्या वेळी आम्ही काय उपाय केला ते पुढे सांगेन. तो सांगण्यासारखा नाही, पण लपवणेही बरे नाही.

मे २०२४ मध्ये माझी प्रथम वर्षाची परीक्षा संपली. एका ठेकेदाराने घर पाडून स्लॅब टाकण्याचे सहा लाख सांगितले होते. तेवढे पैसे नव्हते. मग आबांनी गावातल्या एका वृद्ध गवंड्यांना बोलावले. भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामांवर त्यांनी हात धरलेला होता. त्यांनी थापीच्या मुठीने भिंत ठोकत सगळे घर फिरून पाहिले. कुठे 'ठण्' वाजले, कुठे 'बद्द'. मग ते म्हणाले, ''पोरी, डॉक्टर नाडी बघतो तसं आधी वर एक खड्डा घे. मग बोलू.''

माळवदाच्या पश्चिम कोपऱ्यात मी आणि आबांनी फूटभर रुंदीचा खड्डा खणला. खाली फळी लागली तेव्हा टेपने खोली मोजली : २२ इंच. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आपण खडकांचे थर दाखवणारा छेद काढतो. तसाच छेद माझ्यापुढे उभा होता. सर्वांत खाली सात इंच पांढरी माती, दगडासारखी घट्ट, तिच्या तळाशी लिंबाच्या पाल्याचे ठसे. तिच्यावर विटांचे तुकडे. त्यांवर चार-पाच इंच काळी माती. मग मुरूम. मग सिमेंटचा पातळ, तडकलेला थर. मग पुन्हा माती, फाटका प्लास्टिकचा कागद, आणि पुन्हा माती.

त्यातली काळी माती पाहून मला वर्गातला धडा आठवला. आपल्या पठारावरची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तडकते. शेतात हा गुण उपकारक, कारण ती ओल धरून ठेवते. छपरावर तोच गुण घातक. मुरमाखाली तिच्या भेगा इतक्या रुंद होत्या की बोट आत जाई. ज्याने ती वर चढवली त्याला शेतातली माती फुकट मिळाली असेल. गावठाणातल्या पांढऱ्या मातीसाठी गाडीभाडे पडले असते.

पण खरा घोटाळा वेगळाच होता. माती उकरताना कडेला घडीव दगडाची जुनी पन्हाळ सापडली. ती सात इंचांच्या मूळ थराच्या पातळीवर होती आणि भिंतीच्या बाहेर चांगली दोन फूट आलेली होती. पुढे थर चढत गेले तसतशी ती गाडली गेली. मग कुणीतरी वरच्या पातळीवर प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा बसवला, तो भिंतीबाहेर जेमतेम चार बोटे. वीस-बावीस इंच उंचीवरून येणारे सगळे पाणी त्या आखूड पाइपातून भिंतीच्या अंगावरून ओघळत होते. म्हणजे छप्पर गळत होते म्हणून माती टाकली; माती टाकली म्हणून पन्हाळ बुजली; पन्हाळ बुजली म्हणून छप्पर अधिक गळू लागले; आणि म्हणून पुन्हा माती टाकली.

त्या पाण्याने भिंतीचे काय केले ते गिलावा काढल्यावर दिसले. गिलावा वरून ओळंब्याला अगदी सरळ होता, पण त्याची जाडी सगळीकडे सारखी नव्हती. मध्यावर तो अर्धा इंच, तर वर आणि खाली तीन-तीन इंच. याचा अर्थ भिंतीला मध्ये पोट सुटलेले होते, आणि पोटाच्या वर-खाली सिमेंट भरून कुणीतरी भिंत सरळ 'दिसेल' अशी केली होती. उघड्या दगडांवर ओळंबा सोडला तेव्हा फुगवटा अडीच इंचांचा भरला. त्यावेळी गवंडी काका म्हणाले, ''त्याला पोट दिसलं न्हवतं असं समजू नगंस. दिसलं, म्हणून तर लिंपलं.''

इथे सिमेंटविषयी थोडे सांगितले पाहिजे. सिमेंट वाईट नाही. त्याची जागा चुकली होती. मातीत रचलेली दगडी भिंत ओल घेते आणि ओल सोडते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा तिला तसे करू देतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, तरी त्यातून वाफ जाऊ शकते. सिमेंटचा जाड गिलावा मात्र फार थोडी वाफ जाऊ देतो. त्यात वरून, तड्यांतून पाणी आत शिरतेच; बाहेर पडायला वाट नसते. आतली माती भिजत राहते, दगडांमधून खाली सरकते आणि भिंत पोकळ होते. गिलावा काढल्यावर मी एक सैल दगड ओढला तर त्या भोकात माझा हात कोपरापर्यंत गेला. बाहेरून पाहणाऱ्याला ती घरातली सर्वांत भक्कम भिंत वाटली असती.

दुसरा प्रश्न : ओझे कुणावर आहे?

माजघराला चार खांब आहेत. त्यांतल्या पश्चिमेकडच्या एका खांबाभोवती प्लायवुडची पेटी करून तिला रंग दिलेला होता. घर घेताना आईला ती शोभा वाटली होती. पेटी उघडली तेव्हा खांब खालून हातभर कापलेला होता आणि त्याच्याखाली चार विटा, चुना ना माती, नुसत्या एकावर एक ठेवलेल्या. वरची वीट मी हाताने हलवली तर ती हलली.

कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. जुन्या घरात खांब दगडी उथळ्यावर उभा असतो, तो जमिनीच्या वर असतो म्हणून खांबाचे लाकूड कोरडे राहते. मधल्या काळात कुणीतरी जमीन चार इंच उंच करून शहाबादी फरशी घातली. उथळे फरशीखाली गेले आणि खांबाचा पाय काँक्रीटमध्ये रुतला. घर धुतले की पाणी खांबाच्या पायाशी मुरे. लाकूड कुजले, मग ते कापले, मग विटा ठेवल्या, मग पेटी केली. एका चुकीला झाकण्यासाठी दुसरी, दुसरीला झाकण्यासाठी तिसरी.

आता त्या विटांवर ओझे किती होते ते पाहू. तेलाच्या १५ लिटरच्या रिकाम्या डब्यात मी माळवदावरचीच माती ठोकून भरली आणि आबांनी ती आडतीच्या काट्यावर नेऊन तोलली. डब्याचे वजन वजा करून २४ किलो भरली, म्हणजे लिटरला १.६ किलो. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर होतात, म्हणून घनफुटाला सुमारे ४५.३ किलो. आमचे छप्पर १२ गुणिले १० फूट आणि जाडी २२ इंच, म्हणजे २२० घनफूट. हिशेब आला ९,९६६ किलो. सुमारे दहा टन.

वहीतला आकडा मी आबांना वाचून दाखवला. टन हा शब्द त्यांच्या अंगवळणी नाही. मी म्हटले, ''आबा, शंभर क्विंटल.'' ते काही वेळ बोलले नाहीत. क्विंटलाचे पोते पाठीवर घेतलेल्या माणसाला शंभर क्विंटल म्हणजे काय हे कुणी सांगावे लागत नाही. मग ते म्हणाले, ''म्हंजी शंभर पोत्यांची थप्पी आपल्या डोक्यावर व्हती, आन् आपुन खाली झोपत व्हतो.''

चार खांबांना प्रत्येकी अडीच टन यायला हवे होते. एका खांबाने आपला वाटा सोडला. ओझे काही नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. तुळई दोन इंच खाली आली आणि तिचे टोक भिंतीवर टेकले. भिंत आधीच भिजलेली, आतून पोकळ. तिला पोट सुटले यात नवल नाही.

इथे १९९३ च्या भूकंपाचा धडा आठवतो. तज्ज्ञांनी पडलेली घरे तपासली तेव्हा दोन गोष्टी वारंवार आढळल्या : डोक्यावर जड माती, आणि एकमेकींत न गुंतलेल्या दोन पदरांची भिंत. दगडाची जाड भिंत एकसंध वाटते. परंतु अनेकदा ती बाहेरचा पदर, आतला पदर आणि मध्ये बारीक दगड-मातीची भर अशी असते. दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड नसतील तर हादऱ्यात ते फाकतात. याउलट, ज्या घरांत छप्पर लाकडी खांब-तुळयांवर नीट उभे होते त्यांतल्या बऱ्याच घरांत भिंती ढासळूनही छप्पर वर राहिले आणि माणसे वाचली. आमच्या घरात वाचवणारा खांबच कापलेला होता.

दुरुस्तीचा क्रम

गवंडी काकांचा पहिला नियम होता, ''उतरवताना वरून, चढवताना खालून.'' काका एकूण नऊ दिवस आले. बाकीचे दिवस आबा कामावरून आल्यावर आणि मी दिवसभर, असे आम्ही राबलो. क्रम असा होता.

प्रथम ओझे उतरवले. तुळयांना खालून जाड टेकू दिले आणि मगच माती काढायला सुरुवात केली. एकाच बाजूची माती काढली तर तोल जातो, म्हणून सगळीकडून थोडी थोडी काढायची. मी घमेले भरून देई, आई कडेवरून खाली ओती. मूळचा पांढऱ्या मातीचा थर तेवढा ठेवला.

त्यानंतर खांब. पडलेल्या एका वाड्याचा सागवानी खांब साडेचार हजारांना मिळाला. उथळ्याभोवतीचे काँक्रीट छिन्नीने फोडून दगड मोकळा केला. ट्रकच्या जॅकने तुळई वर घेतली, पण एका दिवसात नव्हे. रोज थोडी थोडी, चार दिवसांत सव्वा इंच. राहिलेला पाऊण इंच काकांनी तसाच सोडला. लाकडाला फार वर्षे बाक राहिला की तो त्याचा स्वभाव होतो, जोर केला तर ते फाटते, असे त्यांचे म्हणणे. चारही खांबांना वर तुळईशी तिरकी लाकडे मारली, म्हणजे हादऱ्यात चौकट एका बाजूला कलणार नाही.

मग भिंत. पोट सुटलेला पाच फुटांचा भाग उतरवून पुन्हा रचला. भारतीय मानक १३८२८ हे १९९३ सालचेच आहे. त्यात अशा भिंतीसाठी सांगितले आहे की उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत फार तर १.२ मीटरवर आरपार दगड असावा. दोन फूट लांबीचे दगड आम्हाला थोडेच मिळाले. जिथे मिळाले नाहीत तिथे दीड-दीड फुटाचे दोन दगड शेजारी शेजारी, एक आतून आणि एक बाहेरून, एकमेकांना ओलांडून जातील असे घातले. मानकातही ही सोय आहे. उरलेली भिंत न पाडता तिच्यात सुमारे एक-एक मीटरवर, एका ओळीतली भोके दुसऱ्या ओळीच्या मधोमध येतील अशी, आरपार भोके पाडली. प्रत्येकात दोन्ही टोकांना आकडे केलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरले आणि दहा दिवस पाणी घातले. अशी चौदा भोके झाली. ज्या सिमेंटने भिंत गुदमरली होती त्याच सिमेंटने इथे ती बांधली गेली.

शेवटी पाणी. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, माळवद उघडे असतानाच संध्याकाळी वळीव आला. आम्ही ताडपत्री घेऊन धावलो, पण ती वाऱ्याने हातात राहीना. अर्ध्या तासात सगळे भिजले. मला रडू आले. सकाळी वर जाऊन पाहिले तर मूळच्या थरावर एका कोपऱ्यात पाणी साचून राहिले होते, आणि तो कोपरा पन्हाळीचा नव्हता. पाण्याने स्वतःच दाखवून दिले की उतार कुठे चुकला आहे. त्या थराला तासून दर चार फुटांना एक इंच असा पन्हाळीकडे उतार दिला, वर जाड प्लास्टिकचा कागद आणि त्यावर भुसा मिसळून कुजवलेली पांढरी माती ठोकून बसवली. मिळून सरासरी आठ इंच. जुनी दगडी पन्हाळ पुन्हा वाहती केली.

गिलावा सर्वांत शेवटी. बाहेरून दगड उघडेच ठेवून चुना-वाळूने दरजा भरल्या. आतून मातीचा गिलावा करून चुन्याचा हात दिला. एकूण खर्च २८ हजार रुपये आला, त्यात काकांची मजुरी ८,१०० रुपये.

चूक कुणाची?

काम चालू असताना पेटीतल्या विटा पाहून आबा फार चिडले होते. मूळ मालकांना बोल लावत होते. मीही लावत होते. पण छेदातला सर्वांत वरचा थर पाहिल्यावर माझी जीभ अडखळली. तो दोन इंचांचा थर आणि त्याखालचा फाटका प्लास्टिकचा कागद आमचाच होता. पहिल्या गळतीनंतर, २०२३ च्या मे महिन्यात, मी आणि आबांनीच तो टाकला होता. पन्हाळ कुठे आहे हे आम्ही शोधले नव्हते. भिंत ठोकून पाहिली नव्हती. आधीच्यांनी जे केले तेच आम्ही केले, आणि दहा टनांतला सुमारे नऊ क्विंटलांचा वाटा आमचा होता.

मला वाटते, आधीचा मालकही आमच्यासारखाच असेल. दरवर्षी मृग तोंडावर येतो, हातात एक-दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे असतात, आणि तेवढ्या पैशांत एक थर माती येते. सगळे उघडून पाहायला वेळ लागतो, धीर लागतो, आणि उघडल्यावर जे दिसेल ते सोसायची तयारी लागते. म्हणून माणूस झाकतो. गरीब माणूस मातीने झाकतो, ज्याच्याकडे थोडे जास्त असतील तो सिमेंटने झाकतो. परंतु प्रत्येक झाकणाचे वजन असते आणि ते कुणाच्या तरी डोक्यावर बसते.

समारोप

जुने घर स्वतः दुरुस्त करू इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की रंगापासून सुरुवात करू नये. आधी छपरावर जावे, पाण्यामागे चालावे, आणि प्रत्येक खांबाच्या पायाशी बसून पाहावे. भिंतीला किंवा खांबाला हात लावण्यापूर्वी टेकू द्यावा आणि जाणता गवंडी बरोबर घ्यावा. त्याच्याशिवाय आमच्याकडून कदाचित मोठा अपघात घडला असता. आमचे घर आता भूकंपात पडणारच नाही, असे मी म्हणणार नाही. ते पूर्वीपेक्षा हलके आहे, बांधलेले आहे आणि कोरडे आहे, इतके म्हणू शकते.

शेवटी आजीच्या प्रश्नाचे उत्तर. माझ्या हिशेबाप्रमाणे आठ इंचांची माती ८० घनफूट, म्हणजे ३,६२४ किलो. त्यामुळे उतरले ते ६,३४२ किलो. मी हे वहीतून वाचून दाखवू लागले तर आजी म्हणाली, ''मला ठावं हाय.'' आणि तिने पडवीच्या भिंतीकडे बोट केले. तिथे कोळशाच्या रेघा होत्या. महिनाभर ती पडवीत बसून पाहत होती. माती घेऊन एक घमेले खाली आले की एक रेघ ओढायची, एक वर गेले की एक पुसायची. ''सतरा ईसा आन् वर धा,'' ती म्हणाली. म्हणजे ३५०. आमचे भरलेले घमेले काट्यावर १८ किलोच्या आसपास भरत असे. गुणाकार केला : ६,३००.

भूगोलाच्या विद्यार्थिनीचे गणित आणि शाळेत न गेलेल्या बाईच्या रेघा यांच्यात फक्त ४२ किलोंचा फरक होता. माझे उत्तर तिने विचारले नाही, कारण तिला दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. तिला स्वतः मोजायचे होते. अभ्यास याहून वेगळा काय असतो?

मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्री आला. दगडी पन्हाळीची धार अंगणात, भिंतीपासून दोन हात दूर पडत होती. आजी उठून बसली आणि बराच वेळ त्या धारेकडे बघत राहिली. मग तिने वाकळ उचलली, उंबरा ओलांडला आणि नव्या खांबाच्या पायाशी ती अंथरली.